अकरा वाजेपर्यंत

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असं त्या भागातल्या लोकांच्या फोनवर आलं होतं. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मांडलंय ते त्याआधीचं घड्याळ, आणि थोडं त्यानंतरचंही.

चार वर्षं, दहा महिने आधी. २१ ऑगस्ट २०१३.

सीरियात दमास्कस शहराच्या कडेला घौटा नावाचा भाग आहे. तिथे पहाटे सारीन या विषारी वायूचा मारा झाला. शेकडो माणसं मेली, त्यांत लहान मुलं पुष्कळ. फरशीवर ओळीने ठेवलेल्या मुलांची छायाचित्रं जगभर गेली. वायूने मेलेल्यांच्या अंगावर जखम दिसत नाही. चेहऱ्यांवरून देश कळत नाही. खाली काय लिहायचं, ते लिहिणाऱ्याच्या हातात राहतं.

दोन वर्षं आधी. २०१६.

कराचीत हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने एक छोटी जनजागृतीची फिल्म काढली. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. थोड्या वेळाने तेच दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा मजकूर. पालकांनी सावध व्हावं, एवढाच हेतू.

कोणीतरी या फिल्मचा शेवट कापला. मुलाला परत आणणं गेलं, फलक गेला. उरलं ते अपहरण, आणि तेही एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडल्यासारखं दिसणारं. हे कोणी केलं, ते पुढे आलं नाही. कापायला काही मिनिटं पुरली असतील.

त्याच वर्षी ५ एप्रिलला व्हॉट्सअॅपने सगळे संदेश सांकेतिक केले. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाही, कंपनीलासुद्धा, मजकूर वाचता येणार नाही अशी सोय. माणसाच्या खाजगीपणासाठी ती चांगलीच होती. पण मजकूर पाहून खोटं काय ते बाजूला काढणारा पहारेकरी इथे बसवता येणार नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला भारतात व्हॉट्सअॅप वापरणारे २० कोटींवर गेले.

इथे एक हिशेब मांडून ठेवावा लागतो. ग्रुपमध्ये तेव्हा जास्तीत जास्त २५६ माणसं. एक संदेश एका दमात २५० ठिकाणी पुढे ढकलता येत होता. सगळी ठिकाणं भरलेले ग्रुप धरले, तर एका माणसाच्या एका बोटाने ६४ हजार फोन. प्रत्यक्षात इतकं होत नसे. पण अडवणारंही काही नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हा पुढे ढकललेला संदेश आणि स्वतः लिहिलेला संदेश दिसायला अगदी सारखे होते. मामाने कुठून तरी आलेलं पुढे पाठवलं, तर भाच्याच्या फोनवर ते मामाचं बोलणं म्हणूनच उमटे. “आपल्या भागात टोळी आली आहे, पोरांना सांभाळा,” हे मामाच सांगतोय. मामा का खोटं बोलेल? आणि ‘आपला भाग’ म्हणजे कोणता, हे त्यात लिहिलेलंच नसे. वाचणाऱ्याचा जो भाग, तो.

साडेसात आठवडे आधी. मे २०१८.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तमिळनाडूच्या तिरुवण्णामलै जिल्ह्यात चेन्नईचं एक कुटुंब देवदर्शनाला निघालं होतं. त्यातल्या वयस्क बाईने वाटेतल्या मुलांना चॉकलेटं दिली. जमावाने तिला मारून टाकलं.

३९ दिवस आधी. २३ मे.

बंगळुरूच्या चामराजपेठेत राजस्थानातून कामाच्या शोधात आलेल्या तरुणाला जमावाने दोरीने बांधून फरफटत नेलं. तो मेला. कराचीची ती कापलेली फिल्म या दिवसांत दक्षिणेत फोनोफोनी फिरत होती. ती पाकिस्तानातली आहे, अर्धवट आहे, हे पत्रकारांनी आणि बातम्या पडताळणाऱ्यांनी शोधून छापलंही. ते वाचणारे वेगळे होते आणि फिल्म पाहणारे वेगळे.

२३ दिवस आधी. ८ जून.

एकाच दिवशी दोन ठिकाणी.

छत्रपती संभाजीनगर, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात दरोडेखोर समजून काही जणांना गावकऱ्यांनी धरलं. दोघे मेले. दरोडेखोरांच्या टोळीचे संदेश आधीपासून फिरत होते, गावोगाव रात्रीची गस्त सुरू झाली होती.

दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर, आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये, त्याच दिवशी संध्याकाळी गुवाहाटीचे दोन तरुण गाडीतून परतत होते. ते धबधबा पाहायला गेले होते. मागच्या गावातून पुढच्या गावाला फोन गेला की मुलं पळवणारे येताहेत. गाडी अडवली गेली. दोघेही मेले.

महाराष्ट्रासाठी चांदगाव हा पुरेसा इशारा होता. राज्यात जूनभर ठिकठिकाणचे पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगत होते. पत्रकं निघत होती, पेपरात बातम्या येत होत्या. अफवा फोनवर होती आणि खुलासा कागदावर.

विदर्भाला तर त्याहून जुना इशारा होता. मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात भिक्षा मागायला आलेल्या तीन नाथजोगी माणसांना चोर समजून जमावाने ठार मारलं होतं. तेव्हा गल्लीत स्मार्टफोन क्वचितच होते. नाथजोगी, भराडी, डवरी गोसावी ही सरकारी यादीतली भावंडंच, भटक्या जमातींत एकाच गटात मोडणारी. आमच्या यवतमाळकडे झोळी घेऊन दारावर येतात ते यांच्यातलेच. म्हणजे जमावाला माणूस मारायला फोन लागतो, असं नाही. फोनने काम सोपं केलं ते एवढंच, की संशय आधीच घरात पोचलेला असे, अनोळखी माणूस नंतर पोचे.

पाच दिवस आधी. २६ जून.

अहमदाबादच्या वाडज भागात रिक्षातून जाणाऱ्या, भिक्षा मागणाऱ्या चार बायकांना जमावाने बाहेर ओढलं. एकीचा जीव गेला. तीही भटक्या समाजातली. साक्री तालुक्याची पश्चिम हद्द गुजरातला लागते. कामासाठी, बाजारासाठी, सोयरिकीसाठी माणसं दोन्हीकडे जातात आणि त्यांचे फोनही.

तीन दिवस आधी. २८ जून.

त्रिपुरा सरकारने अफवा खोट्या आहेत हे सांगायला एक माणूस नेमला. माहिती व संस्कृती खात्याची गाडी आणि लाउडस्पीकर. गावोगाव फिरून मुलं पळवणारे कोणी नाहीत, विश्वास ठेवू नका, असं पुकारायचं काम. दक्षिण त्रिपुरात सब्रूमजवळच्या बाजारात लोकांनी त्यालाच मुलं पळवणारा ठरवलं. तो तिथेच मेला. राज्यात ४८ तासांसाठी मोबाइल इंटरनेट आणि एसएमएस बंद करण्यात आले.

ही बातमी मराठी पेपरांतही आली, आतल्या पानांवर. आगरतळा इथून लांब आहे.

दोन दिवस आधी. २९ जून.

व्हॉट्सअॅपने ग्रुपसाठी नवीन सोय जाहीर केली. ग्रुपच्या अॅडमिनने ठरवलं तर फक्त अॅडमिनच संदेश टाकू शकतील, बाकीचे नुसते वाचतील. शाळांना, सोसायट्यांना उपयोगी पडेल, असं तिचं वर्णन झालं. अफवांचं नाव त्यात नव्हतं. सोय हाती यायला अॅप अद्ययावत करावं लागतं, सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि आपण अॅडमिन आहोत म्हणजे नेमकं काय आहोत, हे माहीत असावं लागतं. खेड्यातला अॅडमिन म्हणजे बहुधा ज्याने सगळ्यांत आधी ग्रुप काढला तो.

आदले दिवस. जूनचा शेवट.

धुळे-नंदुरबार पट्ट्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे संदेश कित्येक दिवस फिरत होते, हे घटनेनंतर पोलिसांनीच सांगितलं. त्यांत एक व्हिडिओ मेलेल्या मुलांचा होता. ती मुलं घौटाची होती. २१ ऑगस्ट २०१३ ची. हे शोधून काढलं गेलं, ते मात्र १ जुलैनंतर.

या भागात डोंगर आहेत, पाडे विखुरलेले. नेटवर्क एका वळणावर मिळतं, दुसऱ्यावर नाही. सगळ्यांकडे स्मार्टफोन होते असंही नव्हे. त्याची गरज नव्हती. एकाने फोनवर पाहिलं की दहा जणांना दाखवलं जातं, आणि पाहिलेले दहा जण ते पन्नास जणांना तोंडी सांगतात. तोंडी सांगण्यात चित्र उरत नाही, पक्कं मत तेवढं उरतं.

पिंपळनेरला मंगळवेढा तालुक्यातून आलेल्या डवरी गोसाव्यांनी पालं ठोकली होती. मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात, तिथून पिंपळनेर चारशे किलोमीटरहून जास्त. दुष्काळी मुलूख, हातात जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी. हा समाज पिढ्यानपिढ्या असाच फिरतो. डौर वाजवायचा, गोपीचंद-भर्तरीची गाणी म्हणायची, पीठ-धान्य मागायचं. अनोळखी गावात जाणं हाच त्यांचा धंदा. त्या जूनमध्ये महाराष्ट्रात अनोळखी असणं किती महाग पडू शकतं, हे त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलं नव्हतं. गावकऱ्यांना सावध करणारे संदेश होते. फिरस्त्यांना सावध करणारा एकही नव्हता.

१ जुलै. सकाळ.

रविवार, राईनपाड्याचा बाजार. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं पायी, जीपने, एसटीने येत होती. बाजाराच्या दिवशी गावात गावापेक्षा बाहेरची माणसं जास्त असतात. एरवी अनोळखी चेहरा दिसला की विचारपूस करणारी म्हातारी माणसं असतात, त्या दिवशी निम्मे चेहरे एकमेकांना अनोळखीच.

पिंपळनेरच्या पालांवरून पाच जण निघाले. सर्वांत लहान विशीतला, बाकीचे पस्तिशी-चाळिशीतले. बाजाराच्या दिवशी भिक्षा बरी मिळते, म्हणून बाजाराचं गाव. एसटी पकडली.

सकाळी ११ च्या सुमारास.

बस राईनपाड्याला थांबली. पाचही जण उतरले.

त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला. काय बोलला, याला आता साक्षीदार नाही. बोलला, एवढंच सगळीकडे नोंदलं गेलं.

कोणीतरी ओरडलं.

पुढची काही मिनिटं.

बाजार गोळा झाला. कोण, कुठले, इथे कशाला आलात, ही विचारणा आधी झाली. त्यांच्याजवळ आधार कार्डं होती, असं नंतर बातम्यांत आलं. आधार कार्डावर सोलापूर जिल्ह्याचा पत्ता. जिथे बाहेरून आलेली टोळी शोधली जाते, तिथे बाहेरचा पत्ता पुरावाच ठरतो.

मारहाण सुरू झाली. काठ्या, दगड, हाताला लागेल ते.

पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आलं आणि एका खोलीत कोंडण्यात आलं. पोलीस येईपर्यंत दार बंद राहिलं असतं, तर ही खोली त्यांच्या आडोशाची ठरली असती. दार बंद राहिलं नाही. मारणारे आत गेले.

त्याच वेळी फोन बाहेर आले. जमावातल्या काहींनी खोलीतली मारहाण चित्रित केली. हे व्हिडिओ दुपारपर्यंत राज्यभर गेले. यात कापाकापी नव्हती.

पोलीस.

ठाणं पिंपळनेरला. रस्ता डोंगराचा. पहिल्यांदा पोचले ते मोजके पोलीस, समोर बाजार भरेल एवढा जमाव. त्यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यांनाही मार बसला. जादा कुमक येईपर्यंत पाचही जण मेले होते.

पाचपैकी एकाचाही कुठल्या मुलाच्या अपहरणाशी संबंध निघाला नाही. त्या परिसरात मूल पळवल्याची घटनाच नव्हती.

त्याच रात्री. मालेगाव.

जेमतेम शंभर किलोमीटरवर, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, रात्री उशिरा आझादनगर भागात लोकांनी परभणीकडच्या एका कुटुंबाला घेरलं. पाच माणसं, त्यांत एक बाई आणि दोन वर्षांचं मूल. भिक्षा मागत आलेली. बाई आणि मूल बरोबर दिसलं की संशय निवळतो, असं आपल्याला वाटतं. उलट झालं. ते मूलच पळवलेलं आहे, असा ओरडा झाला.

जमाव हजारावर गेला. राईनपाड्याचे व्हिडिओ तोवर याच शहरातल्या फोनवर होते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. मोहल्ल्यातल्या एका रहिवाशाने त्या पाचांना स्वतःच्या घरात घेतलं आणि दार लावलं. आणि पोलीस वेळेत आले, पुरेसे आले, अपर पोलीस अधीक्षकांसह. जमावाने ताबा मागितला, पोलिसांची गाडी उलथवली. पोलिसांनी जमाव पांगवला आणि पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं.

अफवा तीच, दिवस तोच, माणसंही पाचच. राईनपाड्याच्या खोलीलाही दार होतं. मालेगावच्या दाराला आतून कडी लावणारा माणूस होता, आणि तो त्याच मोहल्ल्यातला होता. त्याला उद्या त्याच लोकांत राहायचं होतं. पोलीस येईपर्यंतचा वेळ त्या कडीने मिळवून दिला. अशा घटनांची चौकशी करणारे अहवाल जमावाविषयी पानंच्या पानं लिहितात, या मिळालेल्या वेळाविषयी फारसं कोणी लिहीत नाही.

एका दिवसानंतर. २ जुलै.

व्हिडिओंवरून चेहरे ओळखून धुळे पोलिसांनी २३ जणांना अटक केली. पिंपळनेरच्या रुग्णालयात नातेवाईक मृतदेह ताब्यात घेईनात. मंत्र्यांचे दौरे झाले, भरपाई जाहीर झाली, खटल्यासाठी सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांचं नाव घोषित झालं.

दोन दिवसांनंतर. ३ जुलै.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअॅपला बजावलं की असे संदेश थांबवण्याची जबाबदारी झटकता येणार नाही. कंपनीने लगेच उत्तर दिलं. या हिंसेने आम्ही हादरलो आहोत, पण हे काम सरकार, समाज आणि कंपन्या यांनी मिळून करायचं आहे, अशा आशयाचं.

चार दिवसांनंतर. ५ जुलै.

रिलायन्सच्या वार्षिक सभेत जाहीर झालं की बटणांच्या स्वस्त जिओफोनवरही लवकरच व्हॉट्सअॅप येणार. साध्या फोनवाल्या लाखो घरांत ते पहिल्यांदाच पोचणार होतं.

नऊ दिवसांनंतर. १० जुलै.

पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असं लेबल दिसू लागलं. मामाचं बोलणं आणि मामाकडे आलेलं बोलणं आता वेगळं कळू लागलं. त्याच दिवशी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, खोटी माहिती कशी ओळखायची ते सांगणाऱ्या. साक्रीच्या पाड्यांवर किती घरांत पेपर येतो, ते जाहिरात देणाऱ्यांना विचारायला हवं होतं.

लेबल लावायला कोणाचेही संदेश वाचावे लागले नाहीत. सांकेतिक कुलूप होतं तसंच राहिलं. म्हणजे ते ३० जूनलाही लावता आलं असतं, मेमध्येही.

१२ दिवसांनंतर. १३ जुलै.

बीदर जिल्ह्याचा औराद भाग कर्नाटकात, पण उदगीर इथून जवळ आणि बोली पुष्कळशी मराठी. हैदराबादची मित्रमंडळी गाडीने आली होती. वाटेत थांबून त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटं दिली. गावकऱ्यांनी हटकलं, बाचाबाची झाली, ते गाडीत बसून निघाले.

गाडीच्या पुढे संदेश गेला. गाडीचं वर्णन, मुलं पळवणारे आहेत, अडवा. पुढच्या मुरकी गावाच्या ग्रुपवर तो गाडी पोचण्याआधी पोचला होता. रस्त्यात अडथळा टाकून लोक थांबले होते. गाडी उलटली. ३२ वर्षांचा एक सॉफ्टवेअर अभियंता मेला, इतर जखमी झाले, वाचवायला आलेले पोलीसही. कार्बी आंगलाँगला मागच्या गावाने पुढच्या गावाला फोन केला होता, इथे ग्रुपवर टाकलं. मधे ३५ दिवस गेले होते.

अटक झालेल्यांत त्या ग्रुपचा अॅडमिनही होता.

१६ दिवसांनंतर. १७ जुलै.

सर्वोच्च न्यायालयाने तेहसीन पूनावाला प्रकरणात निकाल दिला. झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, संसदेने वेगळ्या कायद्याचा विचार करावा. कायद्यात जमावाने केलेल्या खुनाचं वेगळं कलम आलं ते भारतीय न्याय संहितेत. तिचा अंमल सुरू झाला १ जुलै २०२४ ला. राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली. पण ते कलम जात, जमात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाचं आहे. अफवेवरून मारलं, तर ते त्यात बसवायचं कसं, ते वकिलांनी ठरवायचं.

१८ दिवसांनंतर. १९ जुलै.

भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं व्हॉट्सअॅपने जाहीर केलं. फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट पुढे ढकलायचं बटण काढलं. २५० वरून पाच. पुढे जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली, आणि कंपनीने सांगितलं की तिच्यामुळे फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, अशी आणखी कडक अट आली. तसे संदेश ७० टक्क्यांनी कमी झाले, हेही कंपनीचेच आकडे.

मे ते जुलै २०१८ या काळात देशात अशा अफवांपायी वीसहून जास्त माणसं मेली.

दोन वर्षं, आठ महिन्यांनंतर. १ मार्च २०२१.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण होतं. ग्रुपमधल्या एका सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, अॅडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून अॅडमिनवर गुन्हा. न्यायालयाने तो रद्द केला. माणसं घेणं आणि काढणं एवढाच अॅडमिनचा अधिकार, मजकूर आधी तपासण्याची किंवा गाळण्याची ताकद त्याच्याकडे नाही, सामायिक हेतू दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या संदेशाचा दोष त्याच्यावर येत नाही. कायद्याने हे बरोबरच आहे. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो, आणि इथल्या अॅडमिन मंडळींनी निकालाचा जो अर्थ घेतला तो सोपा होता: आपल्यावर काही येत नाही.

चार वर्षांनंतर. २०२२.

ग्रुपमधल्या कोणाचाही संदेश सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकण्याची सोय व्हॉट्सअॅपने अॅडमिनला दिली. न्यायालयाने नाही म्हटलेली ताकद थोडीफार हातात आली, मजकूर पडल्यानंतर का होईना.

आता गावच्या ग्रुपांवर टोळीच्या बातम्या कमी आणि एपीके फाइली, म्हणजे उघडली की फोनवर फसवं अॅप बसवणाऱ्या फाइली, जास्त येतात. कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी पीएम किसानच्या हप्त्याच्या नावाने. एकाने उघडली की त्याच्याच फोनवरून ती त्याच्या सगळ्या ग्रुपांत जाते, म्हणजे पुन्हा ओळखीच्याच नावाने. फोनवर आलेले ओटीपी दुसरीकडे पोचतात. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावायचा असतो, आणि तो लागेपर्यंत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असतात. फाइल ग्रुपमध्ये पडल्यापासून पहिल्याने उघडेपर्यंत काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात अॅडमिनने ती काढली, तर प्रकरण तिथेच संपतं.

काढली की तिच्या जागी ओळ उमटते: अमुक अॅडमिनने हा संदेश डिलीट केला. नावासकट, सगळ्यांना दिसेल अशी. टाकणारा सरपंचाचा पुतण्या असतो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी, नाहीतर नात्यातला दाजी. मी ज्या ज्या अॅडमिनला विचारलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना ही सोय माहीत आहे. ती वापरली का, असं विचारलं की ते त्या ओळीबद्दल बोलतात.